टेराहर्ट्झची दरी आणि बोसांचा गॅलिना : ‘रेडिओचा जनक’ या बिरुदाने झाकलेला इतिहास

(थ्रेड)

१/
दरवर्षी ३० नोव्हेंबर जवळ आला की समाजमाध्यमांवर एक ठरावीक चित्र फिरू लागते. एका बाजूस जगदीशचंद्र बोस, दुसऱ्या बाजूस गुल्येल्मो मार्कोनी, आणि खाली निवाडा : रेडिओचा खरा जनक हा, आणि चोर तो. हजारो तरुण ते चित्र पुढे पाठवतात. त्यामागची भावना प्रामाणिक असते, यात शंका नाही. परंतु या चित्राने बोसांची जेवढी हानी होते तेवढी मार्कोनीनेही कधी केली नव्हती. कारण जनक कोण आणि चोर कोण या खटल्यात बोसांनी प्रत्यक्षात काय केले, हेच कोणी विचारत नाही.

२/
या थ्रेडचे म्हणणे असे : बोस हे रेडिओच्या इतिहासातून गाळलेले नाव नव्हे, ते एका वेगळ्याच इतिहासाचे पहिले प्रकरण आहे. अतिउच्च वारंवारतेच्या लहरी पकडणाऱ्या रिसीव्हरचा, म्हणजे ग्राहक यंत्रांचा, तो इतिहास. कृष्णविवराचे पहिले चित्र त्याच वाटेने आले आणि बंद पुठ्ठ्याच्या आत पाहणारे टेराहर्ट्झ कॅमेरेही त्याच वाटेने आले. ‘रेडिओचा जनक’ हे बिरुद बोसांना मोठे करीत नाही, उलट चुकीच्या आसनावर बसवून लहान करते.

३/
प्रथम परिभाषा. लहर एका सेकंदात जितक्या वेळा आंदोलते ती तिची वारंवारता. टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आंदोलने. अशा लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर भरते. साधारणपणे ०.१ ते १० टेराहर्ट्झ हा पट्टा या नावाने ओळखला जातो. म्हणजे ३ मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या तीनशतांशापर्यंतच्या लहरी. या पट्ट्याच्या एका बाजूस रेडिओ आणि सूक्ष्मलहरी, दुसऱ्या बाजूस अवरक्त किरण आणि दृश्य प्रकाश. कापड, कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक यांतून या लहरी आरपार जातात. धातू त्यांना परतवतो आणि पाणी त्यांना गिळून टाकते.

४/
या पट्ट्याला शास्त्रज्ञ ‘टेराहर्ट्झची दरी’ म्हणत आले आहेत. निसर्गात तेथे दरी नाही. विश्वातील थंड धूळ आणि वायू याच पट्ट्यात अखंड प्रकाशत असतात. दरी होती ती मानवी साधनांची. रेडिओकडून येणाऱ्या अभियंत्याची मंडले इतक्या वेगाने आंदोलू शकत नव्हती आणि प्रकाशाकडून येणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाचे संवेदक इतक्या क्षीण ऊर्जेला दाद देत नव्हते. लहर निर्माण करणे अवघड होतेच. पण ती आली आहे हे ओळखणे त्याहून अवघड होते. म्हणून या पट्ट्याचा इतिहास मूलतः ग्रहणाचा इतिहास आहे.

५/
हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. त्यांच्या लहरी काही मीटर लांबीच्या होत्या. पुढे त्यांनी त्या ६६ सेंटिमीटरपर्यंत आखूड केल्या. १८९४ च्या आरंभी वयाच्या ३६ व्या वर्षी ते निवर्तले. त्याच वर्षी १ जून रोजी ऑलिव्हर लॉज यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हर्ट्झ यांच्या कार्यावर व्याख्यान दिले. ते छापले गेले, बोटीने कलकत्त्यास पोहोचले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका ३५ वर्षांच्या प्राध्यापकाच्या हाती पडले.

६/
तो प्राध्यापक केंब्रिजला लॉर्ड रॅले यांच्या हाताखाली शिकून आलेला होता आणि १८८५ पासून प्रेसिडेन्सीत शिकवीत होता. भारतीय म्हणून युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ केले, तेव्हा बोसांनी तीन वर्षे ते वेतन स्वीकारलेच नाही आणि शिकवणे मात्र एक दिवसही थांबवले नाही. संशोधनासाठी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक पत्रेकाम करणाऱ्या कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडवली. वसाहतवादाने केलेला अन्याय इथे स्पष्ट दिसतो. तो सांगायलाच हवा. पण गोष्ट तेवढ्यावर संपवू नये.

७/
कारण खरी गोष्ट त्या उपकरणांची आहे. बोसांनी लहरींची लांबी २.५ सेंटिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंत उतरवली. लहर नेण्यासाठी पोकळ धातूच्या नळ्या वापरल्या. आजचे अभियंते त्यांना वेव्हगाइड म्हणतात. लहर गोळा करण्यासाठी नळीच्या तोंडाशी फुलत जाणारे नरसाळे बसवले. आजचा हॉर्न अँटेना तो हाच. लहरीचे ध्रुवीकरण दाखवण्यासाठी त्यांनी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि पानापानात कथलाचा वर्ख घातला. तागाचे पिळलेले जुडगे लहरीचे प्रतल फिरवते, हेही त्यांनी १८९८ मध्ये दाखवले. रेल्वेचे वेळापत्रक आणि बंगालचा ताग. साहित्य इतके घरगुती आणि भौतिकशास्त्र इतके पुढचे.

८/
मे १८९५ मध्ये बोसांचा पहिला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीसमोर आला. त्याच वर्षी त्यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून भिंतीपलीकडून घंटा वाजवली आणि दारूला बत्ती लावली. २९ जानेवारी १८९७ रोजी ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारचे सायंव्याख्यान देत होते. लॉजच्या व्याख्यानास तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. ज्या संस्थेत ते व्याख्यान झाले, तिथेच वसाहतीतला प्राध्यापक आपली उपकरणे मांडून उभा होता. त्यांची दखलच घेतली गेली नाही, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. दखल घेतली गेली. वारसा मात्र चालला नाही. या दोन गोष्टी भिन्न आहेत.

९/
आता ‘रेडिओचा जनक’ या दाव्याकडे. बोसांच्या ५ मिलिमीटर लहरीची वारंवारता ६० गिगाहर्ट्झ भरते. निसर्गाचा योगायोग असा की नेमक्या याच वारंवारतेच्या आसपास हवेतील ऑक्सिजन लहर शोषून घेतो. जमिनीलगत अशी लहर एक किलोमीटर गेली की तिच्यातील सुमारे ९७ टक्के ऊर्जा निव्वळ ऑक्सिजनमध्ये जिरते. शिवाय इतकी आखूड लहर सरळ रेषेत जाते. पृथ्वीच्या वळणामागे ती पोहोचत नाही. समुद्रापलीकडे संदेश पाठवण्यासाठी यापेक्षा गैरसोयीची लहर शोधून सापडली नसती.

१०/
मग बोसांनी तीच का निवडली? कारण त्यांना संदेश पाठवायचाच नव्हता. विद्युतलहर आणि प्रकाश ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत, हा मॅक्सवेलचा सिद्धांत त्यांना टेबलावर मांडून दाखवायचा होता. परावर्तन, अपवर्तन, द्विअपवर्तन, ध्रुवीकरण असे प्रकाशाचे सारे गुण विद्युतलहरीत दाखवायचे, तर लहर प्रिझमपेक्षा आणि भिंगापेक्षा पुष्कळ आखूड हवी. मीटरभर लांबीच्या लहरीसाठी घराएवढे प्रिझम लागले असते. बोसांचा प्रश्न प्रकाशशास्त्राचा होता, तारायंत्राचा नव्हता. मॉस्कोत प्योत्र लेबेदेव यांनीही १८९५ मध्ये ६ मिलिमीटर लहरींवर याच कारणाने काम केले. त्यांना कोणी रेडिओचा जनक म्हणत नाही.

११/
मार्कोनीचा प्रश्न नेमका उलटा होता. त्याला अंतर हवे होते. म्हणून तो लांब, आणखी लांब लहरींकडे गेला. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाच्या तारेवर त्याने अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच्या लहरी शेकडो मीटरच्या होत्या. जहाजे, नौदले, विमा कंपन्या, वृत्तपत्रे यांचा पैसा त्या दिशेला वाहिला. आखूड लहरी हरल्या त्या कोणाच्या कारस्थानाने नव्हे. त्यांचा तेव्हा उपयोगच नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात बाजारपेठ ही अनेकदा अन्यायापेक्षा मोठी शक्ती ठरते.

१२/
या लोकप्रिय कथेत सत्याचा एक कण आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. न्यूफाउंडलंडमध्ये वापरलेला पाऱ्याचा संवेदक ‘इटालियन नौदलाचा कोहिअरर’ म्हणून ओळखला गेला. लोखंड, पारा, लोखंड अशा रचनेचा, आपोआप पूर्वस्थितीला येणारा संवेदक बोसांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीला सादर केलेल्या निबंधात वर्णिला होता. प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील विद्युत-अभियंत्यांच्या प्रतिष्ठित नियतकालिकात हे नाते सविस्तर मांडले. अर्थात मार्कोनीच्या हाती जे यंत्र होते त्याच्या वंशावळीत बोस येतात. श्रेय नाकारले गेले, हे खरे.

१३/
पण ‘चोरी’ हा शब्द इथे बसत नाही. आणि तो बसू नये, अशी बोसांचीच धारणा होती. त्यांनी यंत्राची रचना गुप्त ठेवली नाही, छापून खुली केली. संशोधनातून खाजगी नफा मिळवणे त्यांना अमान्य होते. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे त्यांनी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत एक अर्ज केला. २९ मार्च १९०४ रोजी त्यावर ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यांनी त्याचा पैशासाठी उपयोग केला नाही आणि ते काळाच्या ओघात संपू दिले. खुलेपणा हे ज्याचे तत्त्व होते, त्याला ‘लुटला गेलेला’ म्हणणे हा त्या तत्त्वाचाच अवमान आहे.

१४/
त्या पेटंटमध्ये जे आहे ते मात्र रेडिओच्या साऱ्या वादापेक्षा महत्त्वाचे आहे. गॅलिना हे शिशाचे चकाकदार खनिज. त्याच्या स्फटिकावर टोकदार स्पर्श ठेवला की विद्युतलहर ओळखता येते. खनिज स्फटिक वीज एका दिशेने अधिक वाहू देतात, हे फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्येच नोंदवले होते. बोसांनी त्या गुणाला लहरी पकडण्याच्या कामाला लावले. त्यांचा गॅलिना विद्युतलहरींपासून दृश्य प्रकाशापर्यंत सर्वांना प्रतिसाद देई. संस्कृतातील ‘तेज’ शब्दावरून त्यांनी त्याला ‘तेजोमीटर’ असे नाव दिले. एकच डोळा, सारा वर्णपट : टेराहर्ट्झच्या दरीवर बांधलेला हा पहिला वैचारिक पूल होता.

१५/
अर्धशतकानंतर, १९५५ मध्ये, बेल लॅबोरेटरीतील जेराल्ड पिअरसन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी अर्धवाहक संशोधनाचा इतिहास लिहिला. ब्रॅटन म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक. रेडिओलहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक वापरण्याचे अग्रमान त्यांनी बोसांना दिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा गौरव कोणत्याही राष्ट्रीय अभिमानातून आलेला नव्हता. तो त्याच वाटेने चाललेल्या कारागिरांनी मागे वळून केलेला नमस्कार होता. असा एक दाखला शंभर घोषणांहून अधिक मोलाचा असतो.

१६/
दरीच्या दुसऱ्या काठावर, बर्लिनमध्ये, हाइनरिश रूबेन्स अवरक्त किरणांकडून पुढे सरकत होते. त्यांनी आणि फर्डिनांड कुर्लबाउम यांनी ५१ मायक्रोमीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ६ टेराहर्ट्झच्या, उष्णतालहरी मोजल्या. आकडे तेव्हाच्या सूत्राशी जुळेनात. ७ ऑक्टोबर १९०० रोजी रूबेन्स यांनी हे माक्स प्लांक यांच्या कानावर घातले आणि प्लांकनी नवे सूत्र मांडले. डिसेंबरात त्यातूनच क्वांटमची कल्पना जन्मली. आधुनिक भौतिकशास्त्राचा पाया ज्या मोजमापावर उभा आहे, ते मोजमाप टेराहर्ट्झ पट्ट्यातले आहे. ही दरी ‘निरुपयोगी’ होती, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

१७/
दोन्ही काठ हळूहळू जवळ आले. १९११ मध्ये रूबेन्स आणि ओटो फॉन बायर यांनी पाऱ्याच्या दिव्यातून निघणाऱ्या सुमारे ०.३ मिलिमीटर लहरी शोधल्या. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट निकोल्स आणि जेम्स टिअर यांनी विद्युत ठिणगीच्या बाजूने ०.२२ मिलिमीटरपर्यंत मजल मारली. पुढच्याच वर्षी मॉस्कोत अलेक्सांद्रा ग्लागोलेवा-अर्कादियेवा यांनी तेलात कालवलेल्या धातूच्या किसातून ठिणग्या पाडून ०.०८२ मिलिमीटर गाठले. दोन वर्णपट एकमेकांवर आले. ज्या स्त्रीने हा सांधा जुळवला तिचे नाव विज्ञानप्रेमींपैकी किती जणांना ठाऊक आहे? विस्मरण हे केवळ भारतीयांच्याच वाट्याला आले, असे नाही.

१८/
मग युद्ध आले. रडारने स्फटिक संवेदकाला पुन्हा जिवंत केले, कारण उच्च वारंवारतेपुढे निर्वात नळ्या थकल्या होत्या. मित्रराष्ट्रांनी १.२५ सेंटिमीटर लहरीचे रडार बनवले आणि ते हवेतील बाष्पाने निकामी केले. चार्ल्स टाउन्स यांनी हा धोका आधीच सांगितला होता. युद्धानंतर टाउन्स त्याहून आखूड लहरींच्या मागे लागले. एप्रिल १९५१ मध्ये वॉशिंग्टनला मिलिमीटर लहरींविषयीच्या समितीची बैठक होती. त्या सकाळी बागेतल्या बाकावर त्यांना मेसरची कल्पना सुचली. लेझरचे बीज असे याच दरीच्या काठी पडले.

१९/
ग्रहणाची खरी युक्ती मात्र मिश्रणात आहे. आलेली लहर इतकी वेगवान की ती थेट वाढवता येत नाही. म्हणून तिच्याजवळपासच्या वारंवारतेची लहर यंत्रातच तयार करून दोन्ही एका स्फटिकावर मिसळायच्या; दोहोंच्या फरकाएवढी मंद लहर निघते आणि ती वाढवता येते. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेंझियस यांनी अॅरिझोनातील किट पीकच्या ३६ फुटी दुर्बिणीवर असाच रिसीव्हर लावला. त्यात चार्ल्स बरस यांचे अर्धवाहक डायोड होते. ११५ गिगाहर्ट्झवर मृगनक्षत्रातील तेजोमेघातून कार्बन मोनॉक्साइडची रेषा आली. तारे जेथे जन्मतात ते थंड ढग माणसाला प्रथमच नीट दिसू लागले. त्या डायोडमध्ये धातू आणि अर्धवाहक एकमेकांना स्पर्श करीत होते. कुळ तेच, बोसांच्या गॅलिनाचे.

२०/
त्यापुढचा शत्रू म्हणजे उष्णता. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वस्तूत जी उष्णतेची चळवळ असते, ती एक टेराहर्ट्झच्या कणाच्या ऊर्जेच्या सुमारे सहापट भरते. बाजारात उभे राहून कुजबूज ऐकण्यासारखे हे काम. १९७९ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी अतिसंवाहक मिश्रक करून दाखवला : दोन अतिसंवाहक थर, मध्ये अतिशय पातळ विद्युतरोधक, आणि तापमान निरपेक्ष शून्याच्या अवघे चार अंश वर. २००९ मध्ये सोडलेल्या हर्शेल वेधशाळेवरील एका उपकरणाने या तंत्राने आणि त्याच्या पुढच्या पिढीने १.९ टेराहर्ट्झपर्यंत ऐकले. एप्रिल २०१३ मध्ये हेलियम संपले आणि हर्शेलचे कान बंद झाले.

२१/
आता तो दुवा, जो त्या फिरत्या चित्रात कधीच नसतो. किट पीकची ती ३६ फुटी दुर्बीण पुढे नव्या तबकडीनिशी १२ मीटरची झाली. तेथील खगोलशास्त्रज्ञ डॅरेल इमर्सन यांनी १९९७ मध्ये बोसांच्या मिलिमीटर संशोधनाच्या शताब्दीनिमित्त निबंध लिहिला. त्यात त्यांनी नोंदवले की बोसांच्या मूळ निबंधांतील काही कल्पना त्या दुर्बिणीच्या १.३ मिलिमीटर रिसीव्हरमध्ये प्रत्यक्ष वापरल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यात सुचलेली रचना अॅरिझोनाच्या डोंगरावर नभ न्याहाळत होती. पुतळा, टपाल तिकीट, रस्त्याचे नाव यांपेक्षा हे स्मारक श्रेष्ठ, कारण ते काम करीत होते.

२२/
आकाशासाठी घडलेले हे डोळे पुढे जमिनीवर उतरले. १९९५ मध्ये बेल लॅबमधील बिनबिन हू आणि मार्टिन नस यांनी टेराहर्ट्झ स्पंदांनी झाडाच्या पानाचे आणि वेष्टणात बंद असलेल्या चिपचे चित्र काढले. पानातील पाणी कुठे कमी झाले तेही दिसले. २००३ मध्ये कोलंबिया यानाचा अपघात इंधनटाकीच्या फेसाचा तुकडा आदळल्यामुळे झाला. त्यानंतर त्या फेसातील पोकळ्या शोधण्यासाठी नासाने टेराहर्ट्झ चित्रणाकडे धाव घेतली. विमानतळांवर कपड्यांखाली पाहणारी यंत्रे दरीच्या अलीकडील मिलिमीटर लहरींवर चालतात. ती लहर बोसांचीच.

२३/
एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीवरील अनेक वेधशाळांनी एकाच वेळी १.३ मिलिमीटर लहरींवर एम८७ या दीर्घिकेकडे पाहिले. १० एप्रिल २०१९ रोजी ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या कृष्णविवराची सावली जगाने पाहिली. १.३ मिलिमीटरच का? लांब लहरींवर त्या प्रदेशावर धूसर पडदा राहतो आणि तपशील पुसट होतो. आणखी आखूड लहरींवर पृथ्वीचे बाष्प आड येते. दोहोंमधली ती चिंचोळी वाट. त्या केशरी कड्याकडे पाहताना मार्कोनीचे नाव काढण्याचे कारण नाही; बोसांचे नाव काढण्यास मात्र पुरेपूर कारण आहे.

२४/
मग ही परंपरा भारतात का फोफावली नाही? थोडी तरी जगली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्यांवर एक मीटरची दूर-अवरक्त दुर्बीण उडवली. १९९९ पासून जपानी वर्णपटमापकासह तिने कार्बनची १५८ मायक्रोमीटरची, म्हणजे १.९ टेराहर्ट्झची, रेषा टिपली. याच संस्थेची नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बीण मात्र मीटरभर लांबीच्या लहरींसाठी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या जुन्नरच्या माळावर चालतात, कारण मीटरभर लांबीच्या लहरीला पावसाळी हवा अडवत नाही. टेराहर्ट्झसाठी डोंगर, कोरडी हवा किंवा अवकाश लागते आणि अनेक पिढ्यांचा धीर लागतो.

२५/
यावर एक आक्षेप संभवतो : वसाहतीच्या अन्यायाकडे हे दुर्लक्ष नव्हे काय? तसे नाही. अन्यायाचे स्थान नेमके दाखवणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. खरा अन्याय मार्कोनीच्या खिशात नव्हता. एवढ्या प्रतिभेच्या माणसाभोवती कार्यशाळा नव्हती, पुरेसे सहकारी नव्हते, शिष्यांची साखळी नव्हती, उद्योग नव्हता. तो अन्याय तिथे होता. १९०० नंतर बोस वनस्पतींकडे वळले आणि मिलिमीटर लहरींचे ते टेबल रिकामे राहिले. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था स्थापली, तीही या उणिवेचेच उत्तर होती. एका चोराला दोष दिला की प्रश्न सुटतो. संस्थांच्या अभावाला दोष दिला की तो प्रश्न आजच्या पिढीपर्यंत येऊन पोहोचतो. बहुधा म्हणूनच चोराची कथा अधिक आवडते.

२६/
इतिहासात ‘पहिला कोण’ हा प्रश्न सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. अभिमानाला पुरावा लागतो, आणि बोसांच्या बाबतीत तो भरपूर आहे. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-अभियंता संघटनेने त्यांच्या १८९४-९६ च्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला, तोही ‘मिलिमीटर लहरी’ या नेमक्या शब्दांत. अभियंत्यांनी नाव बरोबर घेतले. अनुयायांनीही ते बरोबर घ्यावे.

२७/
येत्या ३० नोव्हेंबरला ते दोन चेहऱ्यांचे चित्र पुन्हा फिरेल. त्याऐवजी वर्ख घातलेल्या रेल्वे वेळापत्रकाची गोष्ट पुढे पाठवावी. पेटंट ७५५८४० ची आकृती पाहावी. कलकत्त्याच्या बोस संस्थेत जपून ठेवलेली ती मूळ उपकरणे एकदा डोळ्यांनी पाहून यावीत. नरसाळ्याएवढे तोंड, अरुंद नळी, आणि शेवटी एक बारीक स्पर्श. त्या स्पर्शापाशी एका माणसाने विचारले होते की न दिसणारा प्रकाश कसा ओळखावा. तो प्रश्न अजून संपलेला नाही, आणि त्याच्या उत्तरात भर घालणे हाच बोसांचा वारसा सांगण्याचा उत्तम मार्ग आहे.

(समाप्त)